साखळीचं दुसरं टोक

२१ जानेवारी, चँडलर
पहिला तास झाला. नागपूरचं कॉलेज सोडल्यापासून आज पहिल्यांदा हातात खडू. म्हणजे मार्कर. अमेरिकन कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा वर्ग, विषय 'जागतिकीकरण आणि विषमता'. एका सेमिस्टरचंच काँट्रॅक्ट. मुलं दिवसभर काम करून येतात. एलेना नावाची एक तर नर्सिंग होमच्या युनिफॉर्ममध्येच आली. जीभ आधी अडखळली, मग सुटली. घरी आले तर नवऱ्याने खिचडी टाकलेली. "कसं झालं?" निखिल म्हणाला आणि मला रडूच आलं. बरं वाटून.

२ फेब्रु.
आईचा फोन. खुब्याचं हाड जुळलंय, डॉक्टर चाला म्हणतात, ही चालत नाही. "पडली तर तू येणार आहेस का तिथून उचलायला?" आईला सांभाळायला सुनंदा आहे म्हणून मी इथे निर्धास्त. भंडाऱ्याकडची. रात्रंदिवस नागपूरला आईपाशीच असते. तिची लेक प्रांजल पाचवीत, गावात आजीकडे. वर्षभर हे माहीत आहे मला. लिहिताना मात्र... असो.

११ फेब्रु.
वर्गात आधी जुनी मांडणी सांगितली : मागचे देश पुढच्यांच्याच वाटेने चालत राहिले की पोचतील. मग तिच्यावरचा आक्षेप : पुढचे पुढे आहेत तेच मुळी मागच्यांच्या जिवावर. केंद्र आणि परीघ. मागून एक जण, "म्हणजे व्हिलन आम्ही?" हशा. म्हटलं, देश म्हणजे एक माणूस नव्हे रे, परीघ या गावातही आहे. एलेना मान हलवत होती.

४ मार्च
आज काळजीची साखळी. श्रीमंत देशातली बाई कामाला जाते. तिचं मूल गरीब देशातून आलेली बाई सांभाळते. त्या बाईचं मूल तिच्या गावी आणखी कोणीतरी. माया वर वर सरकत जाते, उणीव खाली साचते. साखळी देशातल्या देशातही चालते हे दाखवायला सहज घरचं उदाहरण घेतलं : मी इथे, तिकडे आई, आईजवळ सुनंदा, सुनंदाची प्रांजल. बाण काढले आणि फळ्याकडे बघतच राहिले.
एलेना म्हणाली, "तो शेवटचा बाण मी होते." लहानपणी ती सीमेपलीकडे सोनोरात आजीजवळ, आई इथे फीनिक्सला दुसऱ्यांची बाळं सांभाळायची. विचारलं, तेव्हा तुला काय हवं होतं?
"कुणी विचारलंच नाही, प्रोफेसर. निदान तेवढं तरी विचारायचं."

५ मार्च
सुनंदाला म्हटलं, प्रांजलला आणतेस का? मागची खोली रिकामीच आहे, शाळाही नागपूरचीच बघू. "काकूले विचारा ना ताई आधी."
आई : "घर आहे का धर्मशाळा? पोरगी आली की हिचं माझ्याकडे लक्ष राहणार आहे का?"
म्हटलं, आई, तुझी पोरगी तुझ्याजवळ नाही, तर तुला कसं वाटतं?
फोन ठेवला तिने. निखिल म्हणतो बरोबर बोललीस, पण फोनवर नको होतं. फोनवर नाही तर कुठे बोलू?

९ मार्च
आईचाच फोन. "परीक्षा झाली की आण म्हणावं. सुट्टीपुरती." एवढंच.
मग प्रांजलशी बोलले, पहिल्यांदाच. तुला यायचंय का नागपूरला? मी तिच्या रडण्याची तयारी ठेवून बसलेली.
"तिथल्या शाळेत खो-खो आहे का?"
माहीत नाही गं.
"मंग पाहून सांगा."
पाहिलं. आहे.

२० एप्रिल
प्रांजल आली. आईच्या तक्रारी सुरू : दार आपटते, टीव्ही मोठा लावते, वरण नको म्हणते. व्हिडिओत मागे सुनंदा तिची वेणी घालत होती. तोंडात रिबिनी, त्यामुळे बोलता येईना. नुसती हसली, डोळ्यांनी.

३ मे
आई फाटकापर्यंत चालत गेली!! प्रांजलला पुलावरून जाणारी मेट्रो बघायची होती, एकटीला रस्त्यावर सोडायची नाही, म्हणून आईच वॉकर घेऊन निघाली. फिजिओवाला किती दिवस घसा फोडत होता. "तिच्यासाठी नाही गेली काही. पाय अवघडले होते." बरं.

१३ मे
शेवटचा तास. एलेनाने पेपरसाठी आपल्या आईची मुलाखत घेतली. तिला विचारलं म्हणे, तेव्हा तुला काय हवं होतं? हे आमच्या घरात आजवर कुणी विचारलेलं नाही, एलेना म्हणाली.
प्रांजलचं सांगितलं त्यांना. एक जण, "म्हणजे प्रश्न सुटला!" एलेना लगेच, "आणि गावातली आजी?"
मागच्या आठवड्यात सुनंदाही हेच म्हणाली. "सासूबाई एकट्या पडल्या ताई. गुडघे धरलेत त्यांचे."
पुढच्या सेमिस्टरचं अजून कळलेलं नाही. वर्गासाठी किती जण नाव नोंदवतात त्यावर, म्हणतात.

२४ मे
सुनंदा आणि प्रांजल गावी गेल्यात, आजीला नागपूरला या म्हणायला. आईनेच धाडलं. शेजारच्या काकू येऊन-जाऊन आहेत. धास्ती वाटतेय मला, पण आई म्हणाली, "तू तिथं बसून जीव खाऊ नको."
आत्ता सुनंदाचा फोन होता. आजी म्हणते, येईन, पण शेळ्या कुठं ठेवायच्या?
आईला कळवलं. विचारात पडलीय. नाही म्हणाली नाही.