सासऱ्यांच्या काळ्या गाडीवरचे ओरखडे

३ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्यांनी आज गाडीची किल्ली दिली. माझ्या हातात. लग्नाला बारा वर्षं झाली, पण या माणसानं मला त्या गाडीचं दारसुद्धा कधी लावू दिलं नाही. आपटतो म्हणतात. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे निघाले, महिनाभर तरी मुक्काम, म्हणून गाडी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. दोन दिवसांआड फक्त सुरू करायची, बाकी हात लावायचा नाही, असं तीनतीनदा बजावलं. म्हणजे वाटेल तसा लावायचा नाही. माणूस तोलूनमापून बोलतो.
त्यांना न्यायला साडू आला होता. त्याला किल्ली दिली नाही. ते त्याला लागलं असावं, कारण जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. तो तसाही बोलत नाही, असं हिचं म्हणणं.

५ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ
गाडी सुरू केली. जरा उन्हात घेतली. (दहा फूट. याला कोणी चालवणं म्हणत नाही.) पाहतो तर काय, काळ्या बॉनेटवर सूर्य पडलाय आणि त्याच्याभोवती गोल गोल बारीक ओरखडे. कोळ्याचं जाळं जसं. छतावर तेच, डिकीवर तेच, दारांवर तेच. पंधरा वर्षं रोज सकाळी कोरडं पिवळं फडकं गरागरा फिरवल्याचा प्रताप. सासऱ्यांना बिचाऱ्यांना दिसत नव्हते, डोळ्यांत मोतीबिंदू. आता नवे डोळे घेऊन येणार आणि पहिली नजर गाडीवर पडणार. म्हातारा खचेल.
निश्चय : ते यायच्या आत गाडीचा आरसा करायचा. ते भोवती एक फेरी मारतील, माझ्या पाठीवर हात ठेवतील आणि शाबास म्हणतील. बारा वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत. मी काही वाट पाहत बसलेलो नाही म्हणा.
हिला सांगितलं. बाबांनी हात लावू नका म्हटलंय, एवढंच बोलून आंघोळीला गेली.

७ फेब्रुवारी, गुरुवार
व्हिडिओ पाहतोय. याला स्वर्ल मार्क म्हणतात. लोकांच्या गाड्या त्यांनी भरल्यात आणि लोकांना नावही ठाऊक नाही! खास टॉर्च आणला. टॉर्च नेऊ तिकडे ओरखडे गोल धरून हजर. घड्याळावर आहेत, हिच्या चष्म्यावर आहेत, स्टीलच्या ताटांवर तर विचारू नका. ऑफिसात साहेबांच्या टेबलाच्या काचेवर मारून दाखवला. समोर पाहुणे बसले होते. ज्ञान पाहुणे बघून द्यायचं नसतं.

९ फेब्रुवारी, शनिवार
पॉलिशचं मशीन आलं. तत्त्व सोपं आहे. रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो किंचित घासत ओरखड्याच्या तळापर्यंत न्यायचा. थोडक्यात, ओरखडा वर आणायचा नाही, बाकी सगळ्यांना त्याच्या पातळीवर उतरवायचं. आमचं ऑफिस याच तत्त्वावर चालतं.

१० फेब्रुवारी, रविवार
व्हिडिओतला माणूस म्हणतो, आधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवा. आता मी भंगारात कुठे जाऊ? फ्रिजवर बसवला. दार झकास चमकलं. कंपनीचं नाव गेलं, पण आपला फ्रिज आपल्याला ओळखू येतो. पॉलिशचे पांढरे शिंतोडे थेट छतापर्यंत उडाले. मशीन टेकवण्याआधी सुरू करायचं नसतं, हा धडा व्हिडिओत नव्हता. (होता. मी तो भाग पुढे ढकलला होता.)
ही म्हणाली, मी माहेरी जाते. माहेरी सध्या कुलूप आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. तिनं स्टूल आणि ओलं फडकं माझ्यापुढे आणून ठेवलं.

१३ फेब्रुवारी, बुधवार
काम उन्हात करायचं नसतं, आणि सावलीत ओरखडे दिसत नाहीत. या पेचावर विचार करत आज आराम केला.

१६ फेब्रुवारी, शनिवार
विजय! छत, डिकी आणि डावीकडची दोन्ही दारं साफ. एक ओरखडा शिल्लक असेल तर शपथ. पाठ धरली आहे, हात आपोआप थरथरतात, चमचा तोंडाऐवजी गालाकडे जातो. पण दारात तोंड दिसतं. माझंच दिसतं, हे बघून ही म्हणाली की पूर्वीचं बरं होतं.
शेजारचे काका विचारत होते, आमची गाडी करून द्याल का. बघू म्हटलं. नोकरी सोडायची घाई नको.

१७ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
उजवीकडचं मागचं दार झालं. आज बॉनेट, मग उरलं ड्रायव्हरचं दार. बॉनेटवर जिथे पत्रा दुमडून धार येते तिथे रंग पातळ असतो, म्हणून आधी चिकटपट्टी लावावी, असं व्हिडिओतला माणूस दहा वेळा सांगतो. त्याचा स्वतःवर विश्वास नसेल.
११
धारेवर रुपयाएवढा पांढुरका डाग. पॉलिश सुकलं असणार. पुसलं.
११.१०
पॉलिश नाही.
११.३०
रंगाखालचं अस्तर राखाडी असतं. आजवर पाहण्याचा योग आला नव्हता.
दुपार
हिच्या काजळाच्या कांडीनं बुजवला. ओल्या बोटानं निघतं. ही काजळ शोधतेय.

१८ फेब्रुवारी, सोमवार
पेंटरकडे नेली. म्हणाला, ठिपका होत नाही, अख्खं बॉनेट मारावं लागेल, आणि जुन्या काळ्याला नवा काळा जुळेल याची हमी नाही. म्हटलं, काळा तो काळा. माणूस उगाच हसला. काही जणांना धंदा वाढवता येत नाही तो असा.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
गाडी आली. बॉनेट कोळशासारखं काळंभोर. बाकीची गाडी त्यापुढे करडी वाटते. आधीपासून करडीच असावी, तुलना नव्हती इतकंच.
ड्रायव्हरचं दार घ्यायला मशीन लावलं तर धूर आला. मशीन गेलं. हरकत नाही, गाडी त्या बाजूनं भिंतीला चिकटवून लावली. मग मला उतरता येईना. गिअरवरून पलीकडे सरकत उतरलो. पँट उसवली. युक्ती मात्र फर्मास.

२४ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्यांचा फोन. दोन्ही डोळे उत्तम. रस्त्यापलीकडची पाटी वाचतात. साडूच्या नाकावर तीळ आहे हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. राहवत नाही, उद्याच येतो म्हणाले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्यानं काही दिवस आमच्याकडेच राहणार.
बॉनेटचं काय सांगायचं याची तयारी केली. पक्षी. नाही, पक्षी नको. ऊन.

२५ फेब्रुवारी, सोमवार
आले. घरात न येता काळा चष्मा लावून थेट पार्किंगमध्ये. फेरी मारली, अगदी माझ्या मनात होती तशी. बॉनेटपाशी थांबले. मी पाठ जरा पुढे केली. तर विचारतात, ही गाडी कुणाची?
मी ऊन म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. छत पाहिलं, दारं पाहिली, मग गाडी भिंतीपासून काढायला लावली. ड्रायव्हरच्या दारासमोर चष्मा उतरवून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, हे आहे, हे तरी आहे. ओरखड्यांवरून हात फिरवत होते.
मग सांगितलं. सकाळी ते गाडी पुसायचे तेव्हा सासूबाई चहा घेऊन खिडकीत बसायच्या. आता पुसा तिकडे, आता इकडे, असं वरून चालायचं. त्या गेल्या, मग मोतीबिंदू आला, सगळं पुसट झालं. डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की घरी जाऊन उन्हात आधी हे गोल बघायचे.
मोतीबिंदू तीन वर्षांचा आणि ओरखडे पंधरा वर्षांचे. एवढा साधा हिशोब माझ्याकडून राहिला. फार वाईट वाटलं. इतकं की सबबसुद्धा सुचली नाही.
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. किल्ली मागून घेतली आणि हिच्या हातात दिली. मग डॅशबोर्डच्या कप्प्यातून पिवळं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ७
बॉनेट पुसलं. सासरे वर बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. जावईबापू, सरळ नको, गोल, असं ओरडून सांगत होते. कोरडंच फिरवा, पाणी नको, जोर लावा. रोज नेमानं केलं तर तीन-चार वर्षांत पूर्वीसारखं होईल म्हणतात.
ही चहा घेऊन खिडकीत आली. एकच कप होता, तिचा.
निघताना बॉनेटवर टॉर्च लावून पाहिला. एकसुद्धा ओरखडा नाही.