नववी ब उभी राहिली नाही

१६ जून, सोमवार

ग्रंथालय माझ्या गळ्यात! हेडमिस्ट्रेस वत्सला टीचर म्हणाल्या, "करुणन माष, पावसानं मैदानाचं तळं झालंय, तुम्ही रिकामेच बसता. ही किल्ली घ्या." रिकामा! बावीस वर्षं पीटीचा माष, म्हणजे मास्तर, म्हणून शिट्टी फुंकून शाळेला व्हॉलीबॉलच्या ढाली आणून दिल्या, तो मी रिकामा.

दर बुधवारी नववी 'ब'चा वाचनाचा तास. पुढच्या महिन्यात शिक्षणाधिकारी तपासणीला येणार. तास नावापुरता दिसला तर खोली दहावीच्या जादा वर्गाला.

बरं. किल्ली घेतलीच आहे तर तास चालवून दाखवीन.

१८ जून, बुधवार

चाळीस पोरं, चाळीस जांभया. शिट्टी फुंकली, "वाचा!" म्हणालो. माना खाली, पानं उलटायला लागली. खूश झालो! जवळ जाऊन बघतो तर षिबिननं पुस्तक उलटं धरलेलं.

१९ जून

केरळभर वाचनदिन. प्रतिज्ञा, हार, तीन भाषणं. पुस्तक कुणीच उघडलं नाही. मीसुद्धा.

२० जून

वाचन-टिपणाच्या वह्या तपासल्या. तेवीस जणांनी एकाच कादंबरीवर तेच ते टिपण लिहिलंय – "ही हृदयस्पर्शी कादंबरी आहे." कपाटातून ती कादंबरी काढली. आतली पानं अजून कापलेलीच नाहीत! छापखान्यातून आली तशी एकमेकांना जोडलेली. मलपृष्ठावरच्या मजकुरावरून एकानं उतरवलं, बावीस जणांनी त्याचं.

बास. उद्यापासून टिपण बंद. ही चोरी शिकवायला मी किल्ली घेतली नाही.

२५ जून, बुधवार

टिपण बंद म्हटल्यावर टाळ्या पडल्या. पण पुस्तकाला हात कुणी लावेना. षिबिन म्हणतो, "माष, टिपण लिहायचं नाही, तर वाचायचं कशाला?"

तास संपल्याची शिट्टी फुंकून मी सुटका करून घेतली. रात्री जेवण गेलं नाही.

२७ जून

फिजिक्सच्या रशीद माषनी नववी 'ब'च्या नफ्लाला स्टाफरूममध्ये आणलं. फिजिक्सच्या पुस्तकात दुसरंच पुस्तक लपवून वाचत होती म्हणे. पोरगी रडत नव्हती, चिडली होती – "माष, दोनच पानं राहिलीत! दोनच!" रशीद माषनी पुस्तक जप्तीच्या कपाटात टाकून दार लावलं.

त्या कपाटाकडे बघतच राहिलो. तिकडे ग्रंथालयात धूळ खातायत दोन हजार पुस्तकं. आणि मार खायची तयारी ठेवून पोरं जी वाचतात, ती सगळी इथे कोंडलेली!

३० जून

वत्सला टीचरकडे जप्तीच्या कपाटाची किल्ली मागितली.

"कशाला?"

"ग्रंथालयात ठेवतो ती."

"माष, डोकं ठिकाणावर आहे ना? खुनाच्या गोष्टी, प्रेमाच्या गोष्टी, फुटबॉलची मासिकं!"

"तेच तर हवंय."

"अधिकारी विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. मी नाही."

"देईन."

किल्ली टेबलावर आपटलीच त्यांनी. पण दिली.

२ जुलै, बुधवार

झुंबड! नफ्लानं राहिलेली दोन पानं उभ्याउभ्याच संपवली. मग म्हणाली, "आता दुसरं द्या." जणू मी हॉटेलात चहा देतोय! पण आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

९ जुलै, बुधवार

सगळ्यांना एकच पुस्तक हवं – पोरांनीच त्याला नाव ठेवलंय "विहीरवाली". कुठल्याशा साप्ताहिकातली कादंबरी, पानं फाडून कुणीतरी दोऱ्यानं शिवलेली. छापलेलं नाव नाही, मुखपृष्ठ नाही. गौरी नावाची बाई नवऱ्याच्या खुनाचा पुरावा शोधायला विहिरीत उतरते आणि वरून कुणीतरी दोर कापतं. एवढं मला पोरांच्या भांडणातून कळलं. शेवटी भिंतीवर यादीच लावली. पहिला नंबर नफ्लाचा. पुढचं जो फोडेल त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या.

१६ जुलै, बुधवार

तपासणी. अधिकारी दारात आले, मागे वत्सला टीचर, मागे मी. आणि कुणी उठलं नाही! चाळिसातलं एकसुद्धा नाही! ह्याच पोरांना 'सावधान' शिकवणारा मी. वत्सला टीचर खाकरल्या. षिबिननं मान वर न करता "शूऽऽ" केलं!

शिट्टी माझ्या हातात होती. फुंकली असती तर सगळी ताडकन उभी राहिली असती. नाही फुंकली. महिनाभर ह्याच्यासाठी जीव काढला, आणि मीच मोडू?

अधिकारी खिडकीपाशी नफ्लाच्या मागे जाऊन थांबले. हात पाठीमागे. चांगली पाच मिनिटं. मग टिपणाच्या वह्या मागितल्या.

"नाहीत, सर. मी बंद केल्या."

त्यांनी डायरीत काहीतरी खरडलं, चहा न घेता गेले. पळंपोरीची, केळ्याच्या भज्यांची, बशी तशीच राहिली.

१७ जुलै

"घालवलीत ना शाळेची अब्रू!" वत्सला टीचरचा आवाज चढला, मग डोळ्यांत पाणी आलं. "उद्या लेखी माफी द्या, मी त्यांना पाठवते. नाहीतर सोमवारपासून खोली दहावीला."

घरी बायकोला, शैलजाला, सांगितलं. ती पुट्टू वाढता वाढता म्हणाली, "द्या की चार ओळी लिहून. अंगाला भोकं पडणारेत का?"

पडतील. पोरांनी केलं ते चूक, असं माझ्या सहीनं लिहायचं?

१८ जुलै

लिहून दिलं – "मुलं वाचत होती, म्हणून उठली नाहीत. माफी मागावी असं काही घडलेलं नाही. – करुणन." अक्षर घाण आलं. वत्सला टीचरनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाकिटात घातलं.

खोली गेली बहुतेक.

२० जुलै, रविवार

अधिकाऱ्यांचा फोन. "पत्र मिळालं. तास चालू ठेवा, खोलीला कुणी हात लावणार नाही." मग घसा खाकरून, "करुणन माष, खिडकीतली ती मुलगी वाचत होती – त्यात दोर कापला कुणी?"

"ठाऊक नाही, सर."

"नाव तरी सांगा, वडकरा गावातल्या दुकानात बघतो."

"नाव नाही. आणि जगात ही एकच प्रत."

"मग मी काय करू?"

"यादीत घालतो. अकरावा नंबर माझा आहे. तुमचा बारावा."