न चाखलेला रस्सा

प्रिय मियेन,

माझ्या जिभेची चव आता परत येणार नाही. सोमवारी डॉक्टर लिएनबाईंनी तसं स्वच्छ सांगितलं. गाठ गेली, घसा साफ आहे, वजनही दोन किलोंनी वाढलंय. पण किरणांनी जे जळायचं ते जळलं, चव यायची असती तर दीड वर्षात आली असती, असं म्हणाल्या. गाठीचं तुला माहीत होतं. चवीचं मी सांगितलं नव्हतं. टेटच्या सणाला तू माझ्यासमोर वाफाळती वाटी ठेवलीस आणि मी "छान झालंय" म्हणालो, तेव्हा तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलीस. जन्मात मी कधी कुणाला "छान झालंय" म्हटलं नव्हतं, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

दोन महिन्यांपूर्वी तू फोनवर विचारलंस तेही मी विसरलेलो नाही. दा नांगच्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी यायला, आपलं बंद पडलेलं बुन बोचं, बैलाच्या रस्स्यातल्या शेवयांचं दुकान पुन्हा उघडायला तू तयार आहेस. अट एकच, तुझ्या पातेल्यात मी चमचा घालायचा नाही. मी "बघू" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारा चिडला. चिडलो नव्हतो. "हो" म्हणणं फार सोपं होतं, आणि त्या सोपेपणाचीच मला लाज वाटत होती. ते का, हे सांगायचंच आहे. पण आधी चढावरच्या भिक्षुणींच्या विहारातल्या जेवणाबद्दल सांगू दे. त्याशिवाय पुढचं मला लिहिता येणार नाही.

मी आणि विहारातलं जेवण, म्हणून तू हसशील. मांस-मासळी नाही, अंडं-दूध नाही, मासळीचा अर्क नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. ज्याला पालाच खायचाय त्यानं बैलाची शिकवणी लावावी, बैल काय मी रोजच शिजवतो, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो. किरणांनंतर मात्र मांसाचा घास घशाखाली उतरेना. सेन आत्या दर पौर्णिमेला आणि प्रतिपदेला तिकडे जेवायला जाते, ती एकदा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, घरात बसून भिंती चाटण्यापेक्षा चल. वीस हजार डोंगांत पोटभर आहे. तुझ्या दुकानात तेवढ्यात तू नुसता रस्सा दाखवायचास." गेलो.

तू लहान असताना आईबरोबर तिथं गेली असशील, आता तो मागचा मंडप मोठा केलाय. लांब बाकांवर पंचवीस-तीस पातेली मांडलेली असतात. कोवळ्या फणसाची भाजी, केळफूल, कच्च्या उंबरांची तीळकूट घातलेली कोशिंबीर, गवती चहात परतलेला टोफू, कमळबियांचा भात, आणि शेवटी तो मोठा रस्सा, मुळा, ऊस आणि मक्याच्या कणसांचा. आपल्या हातानं हवं तेवढं वाढून घ्यायचं, पण घेतलेलं टाकायचं नाही. मला कशाचीच चव नव्हती. तोंडात नुसतं गरम, गार, मऊ, कडक. म्हणून मी खाण्याऐवजी बघत बसलो. चाळीस वर्षं मी लोकांना वाढलं, पण जेवताना माणसाचा चेहरा कसा होतो ते कधी पाहिलं नव्हतं, मी पातेल्याकडे बघत असायचो. तिथं डोंग बा बाजारातल्या मासेवाल्या बाया होत्या, हाताला खवल्यांचा वास घेऊनच आलेल्या. बँकेतली पोरं टाय खांद्यावर टाकून जेवत होती. सायकलरिक्षावाला थोआन तीन वेळा भात घेऊन आला. तीनशे माणसं, आणि आवाज फक्त चमच्यांचा. कुणी "मीठ द्या" म्हणत नव्हतं, कुणी मालकाला शोधत नव्हतं. जेवण संपलं की प्रत्येक जण आपला वाडगा धुऊन पालथा घालत होता. मियेन, मी देवाधर्माचा माणूस नाही. पण मला त्या बाकावरून उठवेना. आत्या म्हणाली, "काय झालं, पायात मुंग्या आल्या का?" मी हो म्हणालो.

मग मी दर पंधरवड्याला जाऊ लागलो. आधी वाडगे मांडायला, मग भाज्या चिरायला, आणि वैशाख पौर्णिमेनंतर सू-को मिन्ह या भिक्षुणीनं मला चुलींपाशी घेतलं. सू-को तिथल्या मुदपाकाची व्यवस्था बघते, पण खरा हात न्हान आजीचा. न्हान आजी भिक्षुणी नाहीत, विधवा बाई, शहात्तर वर्षांच्या, बत्तीस वर्षं तिथं रांधतायत. उंची माझ्या कोपरापर्यंत. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू तो बैलवाला ना? इथं आवाज कमी."

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितोय, तो दिवस. पाचव्या महिन्याची पौर्णिमा होती. मोठ्या रस्स्याला उकळी आली, फेस मी काढला, आणि पळी उचलून ओठाला लावली. बुद्धाला दाखवायच्या अन्नाची चव बघायची नसते, हे मला काय माहीत नव्हतं? घरी पितरांच्या ताटाला तुझ्या आईनं, ती होती तोवर, कधी बोट लावलं नाही. पण चाळीस वर्षांचा हात आहे, तो विचारून उठत नाही. पळी खाली येईपर्यंत अख्खा मुदपाक थांबला होता. चिरणाऱ्यांच्या सुऱ्या थांबल्या. सू-को रागावली नाही. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "हा आता आपल्या माणसांसाठी. आजी, नैवेद्याला लहान पातेलं चढवा." मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "काका, चाखलंच आहे तर सांगा. कसा झालाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बुन बोवाला ल्वान, ज्याच्या जिभेची गोष्ट नदीच्या दोन्ही काठांवर सांगतात. माझ्या तोंडात गरम पाणी होतं, बाकी काही नाही. चव जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि मी ते आत्यालाही सांगितलं नव्हतं. "मला कळत नाही" एवढे तीन शब्द होते. मी म्हणालो, "मीठ कमी आहे." सू-कोनं ओंजळभर घातलं. माझ्या शब्दावर घातलं. न्हान आजींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लहान पातेल्याखालचा जाळ वाढवला.

तो रस्सा तीनशे माणसांनी खाल्ला. मी खांबाआड उभा राहून बघत होतो. पहिला घोट घेतल्यावर प्रत्येकाचा हात क्षणभर अडखळायचा, मग माणूस उठून आणखी भात घेऊन यायचा आणि त्यात तो रस्सा कालवायचा. पाण्याच्या रांजणाशी रांग लागली. पण एकानं वाडगा अर्धा ठेवला नाही. एक मासेवाली शेजारणीला म्हणाली, "आज जरा समुद्राकडचा आहे," आणि दोघी तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून हसल्या, आणि प्यायल्या. थोआन जाताना सू-कोला म्हणाला, "सू-को, आज बुद्धाला तहान लागली असणार." सू-को म्हणाली, "बुद्धाचं पातेलं वेगळं होतं, थोआन. तुझं तेवढं खारट होतं." आत्या मात्र घरी येईपर्यंत बोलत होती, की तिची जीभ कुणी बरणीत मुरत घातल्यासारखी झालीय. माझ्या दुकानात असा रस्सा गेला असता तर वाट्या अंगावर आल्या असत्या. इथं माझं खोटं तीनशे माणसांनी वाटून घेतलं आणि वाडगे धुऊन ठेवले.

स्वयंपाक करणारे शेवटी जेवतात. त्या दिवशी उरलं होतं ते नैवेद्याचं लहान पातेलं, आजींनी न चाखता केलेलं. बाकीच्यांचे चेहरे बघून मला कळलं की ते बरोबर होतं, अगदी बरोबर. मी आजींना विचारलं, "न चाखता कसं जमतं?" त्या वाडगा निरपत म्हणाल्या, "मी कुठं म्हटलं मी बघत नाही? बत्तीस वर्षं त्या रांजणाशेजारी उभी राहून बघतेय. जास्त झालं की लोक पाण्याला येतात, कमी झालं की सोयाच्या बाटलीला हात घालतात. तेवढं लक्षात ठेवायचं आणि पुढच्या पौर्णिमेला मूठ सैल सोडायची नाहीतर आवळायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जीभ नाहीये ना तुला? चाखणारा माणूस क्षणभर डोळे आत नेतो. तुझे बाहेरच होते. कधीपासून?" मी सांगितलं. डॉक्टरांखेरीज जगात पहिल्यांदा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता निदान माणसांकडे बघशील."

दुसऱ्या दिवशी मी सू-कोकडे जाऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी लवकर या, कणसं सोलायची आहेत." त्यानंतर मी आजींच्या हाताखाली आहे. उकळीचा आवाज दाट झाला की मुळा उतरलाय, फेस पांढऱ्याचा पिवळसर झाला की ऊस सुटलाय, हे मला माझ्याच चुलीवर चाळीस वर्षं ऐकू आलं नव्हतं. या प्रतिपदेला आजींनी मिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः चिरायला जाऊन बसल्या. मोठं पातेलं, तीनशे माणसं. मी घातलं. मग रांजणाशी जाऊन उभा राहिलो. माणसं येत होती, वाढून घेत होती, जेवत होती. मासेवाली आली, आपला एक पेला पाणी प्यायली, गेली. सोयाच्या बाटल्या जागच्या जागी होत्या. थोआन रस्सा दुसऱ्यांदा घ्यायला आला आणि मला म्हणाला, "काका, वाटेतून बाजूला व्हा, अडलेल्या बैलासारखे उभे आहात." मियेन, मला ठाऊक नसलेली ती चव तीनशे तोंडांत होती, आणि मला ती समोर दिसत होती. चांगल्या रस्स्याचं मला कौतुक मिळालंय, मेडल मिळालंय, पण पातेलं घासायला मी आपणहून बसलो तो त्या दिवशीच.

आता जे लिहायला दोन महिने लागले ते. मिठाबद्दल मी जन्मात दोनदा खोटं बोललो. एकदा विहारात, आणि एकदा नऊ वर्षांपूर्वी. मी क्वांग त्रीला लग्नाला गेलो होतो आणि दुकान पहिल्यांदा तुझ्या एकटीच्या हातात होतं. परत आलो तेव्हा पायरीवरच शेजारच्या न्हाव्यानं मला अडवून सांगितलं, "ल्वान, पोरीनं तुला मागं टाकलं." मी आत आलो, चमचा घातला, सगळ्यांसमोर थुंकलो, "मीठच मीठ, लाकडाची जीभ आहे कार्टीची" म्हणालो आणि अख्खं पातेलं गटारात ओतलं. तू ॲप्रन काढून खुंटीला लावलास आणि चार दिवसांनी दा नांगची बस धरलीस. मियेन, त्या रस्स्याला मीठ बरोबर होतं. जवळा बरोबर होता, गवती चहा माझ्यापेक्षा हलक्या हातानं पडला होता आणि म्हणून तो माझ्यापेक्षा चांगला होता. तेव्हा मला जीभ होती. मला ते पहिल्या घोटालाच कळलं होतं. तुझी अट मला मान्य आहे. पण नुसतं "मान्य" म्हणून कळवलं असतं, तर तुला वाटलं असतं बा बदलला, मन मोठं झालं. ते तसं नाही. चमचा घालून मला आता काही कळणारच नाही, तेव्हा न घालण्यात माझं काही औदार्य नाही. हे लपवून तुला घरी बोलावलं असतं तर ते तिसरं खोटं झालं असतं, म्हणून हे पत्र. हे वाचूनही यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर तेही मला समजेल, आत्यालाही समजावीन. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, व्हू लानच्या मातृसणाला, विहारात बाराशे माणसं धरली आहेत आणि दोन मोठी पातेली माझ्याकडे आहेत, तेव्हा दुपारी दोनपर्यंत मी मोकळा नाही. आई गेलेल्यांनी छातीला लावायचे पांढरे गुलाब आत्या या वर्षी तीन घेणार आहे, तिचा, माझा आणि एक जास्तीचा. दुकानाची किल्ली तिच्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी यायचाय. भिंती पांढऱ्या करायला सांगितल्या आहेत, आणि जुन्या पाटीवरचं माझं नाव खरवडायला. तिथं काय लिहायचं ते त्यानं मला विचारलं, मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, थोडं थांब.

तू मानशील तेवढा तुझाच,
बा