गळालेला फर्मा

४ फेब्रुवारी

चष्मेवाली आज पुन्हा आली. जुन्या कोर्टाच्या इमारतीत गुन्हा आणि शिक्षा यांचं संग्रहालय होतंय, ती तिथली मुख्य. नुसतं बघत फिरायचं नाही म्हणाली, सगळं स्वतः करून बघायचं. बोटांचे ठसे द्यायचे, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, कोठडीत शिरून दार लावून घ्यायचं. आणि एका खोलीत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून शिक्षा द्यायची. खटले खरे, नावं काढलेली. त्यातला एक आमचा, ह्यांच्या खुनाचा.

'आमचा' लिहिलं खरं. दुसरा कुठला शब्द लिहू?

समोर हकिगत वाचायची आणि कळ दाबायची – सुटका, सात वर्षं, जन्मठेप, फाशी. मग फोनसारखं यंत्र कानाला लावून एक आवाज ऐकायचा. मग पुन्हा कळ दाबायची. आधी काय वाटलं आणि नंतर काय, ते फळ्यावर उमटतं.

"आवाज तुमचा हवाय, काकू."

मी म्हटलं, "शिक्षा भोगून आलाय त्याला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, त्यांना विचारा. त्या म्हणतील ते मला चालेल."

"कसा आहे?"

"थकलेत. खोकतात फार."

चहा निवला तरी तिने घेतला नाही. मी दुसरा करून दिला. कोर्टात मला तीनच प्रश्न विचारले होते. हा मृतदेह कुणाचा. हे घड्याळ कुणाचं. आरोपीशी ह्यांचं पटत नव्हतं हे खरं का. मी हो म्हटलं आणि पुढं बोलायला लागले, तर वकील म्हणाले, बस, एवढंच. ते 'एवढंच' इतकी वर्षं घशात आहे.

चष्मेवालीला हो म्हटलं.

६ फेब्रुवारी

मुलीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "तुला बोलायचंय तर बोल. मला बघायला बोलावू नकोस." जावई हळूच म्हणाले, "आई, मी येईन." तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून नळ दुरुस्त करायला गेले. नळाला काही झालेलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

बोलून आले. लहानशी खोली, भिंतींना जाड कापड. मला वाटलं होतं रडू येईल आणि तोंड बंद होईल. रडू आलं, पण तोंड थांबलं नाही. सगळं सांगितलं.

बाइंडिंगच्या कारखान्यात हे जुळवणीला होते. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे ओळीने मांडून उचलत जायचं, म्हणजे पुस्तक होतं. जरा वारा आला की सगळी ओळ उडाली. त्याच खोलीत कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचं भांडं, आणि भांड्यापाशी तो – सरसवाला. वारा नसला की तो भाजून निघायचा. खोलीला पंखा एक. अकरा वर्षं हे पंखा बंद करायचे आणि तो लावायचा.

संध्याकाळी हे घरी येऊन त्याची नक्कल करायचे. सदऱ्याची बटणं सोडून, जीभ बाहेर काढून, "मेलो रे, मेलो." आम्ही हसून लोळायचो. तो आमच्याकडे कितीदा जेवला होता. मुलीच्या वह्यांना पुठ्ठे त्यानेच घालून दिलेले, कोपऱ्यांना लाल कापड लावून.

आणि त्या आठवड्याचंही सांगितलं. काम फार आलं होतं, उकाडाही फार. ह्यांनी पंख्याच्या रेग्युलेटरचं गोल बटण उपसून खिशात घातलं. जेवताना काढून आम्हाला दाखवलं, "आता लाव म्हणावं." दोन दिवस ते बटण ह्यांच्या खिशात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सरसवाल्याने पुस्तकं दाबायच्या यंत्राचा दांडा ह्यांच्यावर उचलला.

खिशातल्या वस्तू कोर्टाने नंतर परत दिल्या. घड्याळ, रुमाल आणि ते बटण. हे कसलं, असं कुणी विचारलंच नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

१२ फेब्रुवारी

गाढ झोप लागली.

१ मार्च

आज उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली. एक पाहुणे म्हणाले, समाजाने या आरशात स्वतःला पाहावं. नणंद माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, आरसा कुठंय गं? केस विस्कटलेत माझे." जावई शब्दाला जागले, ते आले. मुलगी आली नाही.

नणंदेने बोटांचे ठसे दिले. "झालं, आता चोरीसुद्धा करता येणार नाही मला." पिंजऱ्यात मात्र ती उभी राहिली नाही. बाहेरूनच कठड्याला हात लावला आणि मागं घेतला.

आमच्या खोलीत त्यांनी कारखान्याचा कोपरा उभा केलाय. टेबल, कागदांच्या गड्ड्या, वर पंखा, भिंतीवर रेग्युलेटर. तो कुणीही फिरवावा. लोक फिरवत होते. कागद उडाले की हसायचे आणि मग एक शिपाई ते गोळा करायचा. मी बराच वेळ त्या शिपायाकडेच बघत होते.

मग फळ्याकडे बघितलं. हकिगत वाचून बरेच जण सात वर्षं म्हणत होते, काही जन्मठेप. आवाज ऐकला की हात फाशीकडे जायचा. एकामागून एक. चांगल्या कपड्यातला एक गृहस्थ ऐकता ऐकता रडला. चष्मा काढून पुसला, फाशीची कळ दाबली, आणि बायकोला म्हणाला, "चल, कॅन्टीन कुठंय बघू."

माझ्या आवाजाने हे होत होतं.

नणंदेने दंड घट्ट धरला. "बघ वहिनी. कोर्टाने दिली नाही ती आज लोकांनी दिली. माझ्या भावाला न्याय मिळाला."

मी रांगेत उभी राहून माझाच आवाज ऐकला. "अकरा वर्षं दोघं एका खोलीत काम करत होते" – आणि लगेच – "त्या दुपारी कारखान्याचे मालक दारात आले." मधलं काही नाही. नक्कल नाही, पुठ्ठे नाहीत, जेवणं नाहीत. बटणही नाही. उरलं ते माझं रडणं.

हे घरी आणायचे ती पुस्तकं विकायच्या लायकीची नसायची. कुठं एखादा फर्मा गळालेला, कुठं तोच दोनदा लागलेला. मी त्या पुस्तकांवरच वाचायला शिकले. बत्तिसाव्या पानावरून एकदम एकोणपन्नासाव्यावर. सुरुवातीला मला वाटायचं, मलाच समजत नाही. हे म्हणायचे, "तुझी चूक नाही, मधला फर्मा गळालाय." आज गर्दीत उभी असताना तेच वाक्य ऐकू आलं.

२ मार्च

मुलीने विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, अर्धं.

९ मार्च

चष्मेवालीकडे गेले. चांगली आहे मुलगी, खोटं बोलली नाही.

"काकू, तीन मिनिटांच्या वर लोक उभे राहत नाहीत. आणि मला वाटलं, बटणाची गोष्ट ऐकून लोक काकांनाच दोष देतील. तुम्हाला त्रास होईल."

"मला वाचवायला कापलंत?"

"एका अर्थी हो."

"कोर्टानेही मला फार बोलू दिलं नाही. तिथंही माझी काळजीच असेल."

जरा लागेल असंच बोलले मी, पण परत घ्यावंसं वाटलं नाही. पिशवीतून बटण काढून तिच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, तुमच्या रेग्युलेटरचं बटण नवं आहे, ते काढा आणि हे बसवा. आणि माझं बोलणं सगळं लावा. नाहीतर काहीच लावू नका.

"लोक मधेच उठून जातील, काकू."

"जाऊ देत. ज्याने ऐकलं नाही त्याने कळही दाबू नये, असं करता येतं का?"

तिने चष्मा काढला. डोळे बारीक आहेत तिचे. म्हणाली, "येतं करता."

१० मार्च

नणंदेचा फोन. "भाऊ माझा होता, वहिनी. त्याची थट्टा जगाला कशाला सांगतेस?" मी म्हटलं, "थट्टा होती म्हणूनच सांगते. त्यांच्यासारखी थट्टा कुणाला जमायची?" मग म्हणाली, "नक्कल फार छान करायचा." आणि ठेवला फोन.

मी त्याला माफ केलेलं नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण सगळ्यांना वाटतंय मी केलं. त्याने दांडा उचलला आणि माझा माणूस गेला. यात बटणाने तिळभर फरक पडत नाही. पण माझा माणूस कसा होता ते मला पुरं सांगायचंय. खोडकर होते ते. खोड्या काढून टाकल्या तर जो उरतो त्याच्याशी मी संसार केलेला नाही.

२० मार्च

आज मुलीशी वाजलं. तिथं आता माझं सगळं बोलणं लावणार हे जावयांनी तिला सांगितलं होतं.

"बटणाचं कशाला सांगितलंस?"

"खरं आहे म्हणून."

"म्हणजे चूक बाबांची?"

"चूक नाही गं. खोडी."

"लोकांना कळतो का फरक?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "कुणी काढायला सांगितलं होतं तुला ते बटण? कुठं ठेवलं होतंस इतकी वर्षं?"

"शिवणाच्या डब्यात. तुला आठवतं का ते?"

"मला काही आठवत नाही."

चपला घालून निघाली. पर्स इथंच राहिली. जावई तासाभराने न्यायला आले, म्हणाले, "काय झालं काय नक्की?" मला तरी कुठं माहीत?

ह्यांच्या नंतर आठवड्याभरात तिनेच घरातला पंखा उतरवायला लावला. नऊ वर्षांची होती. पंख्याखाली उभी राहून ओरडत होती, श्वास घेईना. मामाने घाईघाईने पंखा काढला. छताला नुसती कडी राहिली. मी कधी परत लावायला गेले नाही. उकडलं की ह्यांचा एक पुठ्ठा आहे, त्याने वारा घेते.

३ एप्रिल

चष्मेवालीने बोलावून दाखवलं. आता सगळं ऐकल्याशिवाय कळा पुन्हा पेटत नाहीत. बरेच जण अर्ध्यातून उठतात. जे राहतात ते कळांवर हात धरून बसून राहतात. एक बाई चारही कळांवरून बोट फिरवून तशीच उठून गेली. फळ्यावर आता चारांखाली पाचवी ओळ आहे – दाबली नाही.

शिपाई म्हणाला, तुमचंच बटण बसवलंय, पण वर काच लावलीय, लोक हात लावून झिजवतील म्हणून. मी म्हटलं, झिजू दे.

त्याने आणखी एक सांगितलं. एक म्हातारा येतो. खोकत खोकत तीन जिने चढतो, खोलीच्या दारापर्यंत येतो, आत जात नाही. मी विचारलं नाही कोण ते.

२८ एप्रिल

मुलगी आज सकाळी एकटीच तिथं जाऊन आली. दुपारी माझ्याकडे आली ती उंबऱ्यातच बसली.

"सगळं ऐकलं. कळ नाही दाबली." मग म्हणाली, "आई, तुलाही सगळं माहीत नाही."

ह्यांच्या त्या शेवटच्या सकाळी मी न्हाणीघरात होते. हे जोडे घालताना तिला म्हणाले होते, फार उकडतंय गं, देऊन टाकतो आज त्याला बटण. आणि ही म्हणाली, "नका ना देऊ बाबा. आज एकच दिवस." ह्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि बटण परत खिशात टाकलं.

कोर्टाने तिला काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

रडून रडून इथंच झोपलीय, लहानपणी झोपायची तशी, हात डोक्याखाली घेऊन. कपाळावर घाम आलाय. एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याने तिला वारा घालतेय.