धुलाई विभागाच्या बाईंची शेवटची वाटणी

मी, खाली सही करणारी, मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाची निवृत्त व्यवस्थापक, वय सत्तरीच्या पुढे, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे राहते घर भाचीला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, नोकरी लागेपर्यंत मला पोसले आणि एकदाही ते ऐकवले नाही.

२. थोरल्या भावाला काही मिळू नये. मला बढती मिळाली तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, "म्हणजे आता ही चादरींची साहेबीण." राग उरलेला नाही. तरीही मिळू नये.

३. बढती मलाच का, हे कोणालाच कळले नव्हते. माझ्या हातची इस्त्री कधीच बरी नव्हती. पण कोणाचा हात कशात चालतो, ते चटकन ध्यानात येई. त्याच सुमारास आमच्याकडे एक बाई आली. बाकीच्या विभागांनी तिला नको म्हटले होते. सगळे तिला तोफ म्हणत. ती सतत भांडे. मी नीट ऐकत गेले तेव्हा लक्षात आले, की ती स्वतःसाठी कधीच भांडत नाही. कोणाची सुट्टी कापली, कोणाला वाफेचा चटका बसला, की हिचे तोंड सुटे. मी तिला काढले नाही. नव्या बायका शिकवायला तिच्या हाती दिल्या.

पुढे इस्पितळाने आमचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा घाट घातला. संचालकांसमोर बाजू मांडायला मला बोलावले, तेव्हा मी तोफेला पुढे केले. दाराशी ती अडून उभी राहिली.

"बाई, मी तोंड उघडलं की काम बिघडतं," ती म्हणाली.

"रोज मला ऐकवतेस तेच सांग. मी शेजारीच बसते."

ती बोलली, आवाज न चढवता. भाजलेल्या रुग्णाला खरखरीत चादर कशी टोचते, आणि तिच्या हाताखालच्या बायका ती चादर पुन्हापुन्हा खळबळून कशी मऊ करतात, एवढेच सांगितले. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. विभाग राहिला. मी निवृत्त झाल्यावर माझ्या खुर्चीत तीच बसली आणि पहिल्याच आठवड्यात माझी एक जुनी पद्धत मोडीत काढली. बरेच केले.

४. माझ्या बचतीतून घड्या घालणाऱ्या बायकांसाठी उंच स्टुले घ्यावीत. त्या दिवसभर उभ्या असतात. भांडारप्रमुखांनी माझा हा अर्ज दरवर्षी फेटाळला. स्टुले त्यांनीच उतरवून घ्यावीत आणि पोच सही करून द्यावी.

५. तोफेला मी काहीही देत नाही. ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. मी दुसरा साक्षीदार शोधते म्हटले, तर तोफ म्हणाली, "मला वस्तू नको. सही करायचीय."

६. ~~माझ्या अंत्यविधीसाठी विभागातल्या कोणीही रजा घेऊ नये. खाटांना रोज चादरी लागतात.~~

टीप: कलम ६ वाचून तोफेने पेन खाली ठेवले. हे राहिले तर सही करणार नाही म्हणाली. मी समजावून पाहिले, वकीलबाईंनीही पाहिले. शेवटी ती म्हणाली, "पाळ्या लावू. निम्म्या कामावर, निम्म्या तुमच्यापाशी, मग अदलाबदल. एकही खाट उघडी राहणार नाही. आणि तुम्हीही एकट्या राहणार नाही."

कलम ६ मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. ही खोडाखोड मला मान्य आहे.

ठिकाण: माझे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: आजचा रविवार, वर शिक्क्यात आहे तो

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: धुलाई विभागाची प्रमुख, उर्फ तोफ
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी