विटाळाची सुट्टी

गुरुवार, ९ जानेवारी १९५८

पगार झाला. बहात्तर रुपये. सासूबाईंनी देवापुढे ठेवायला लावले, हळदकुंकू वाहिलं आणि उचलून थेट पेटीत! चावी कमरेला. कमवायचं मी, आणि खोबरेल तेल हवं तर मागायचंही मीच. मागितलं. म्हणाल्या, "परवाच तर आनलंवतं." परवा म्हणजे दिवाळीला.

हे मुंबईला गोदीत. महिन्याला वीस रुपयांची मनिऑर्डर आणि एक कार्ड — आईची काळजी घे. माझी कोणी घ्यायची ते कार्डात मावत नसावं.

पहाटे चारला उठते. विहिरीच्या सहा खेपा, तांदळाच्या भाकऱ्या, भांडी, कान्हाची अंघोळ. चार वर्षांचा झाला तरी लंगोटी बांधायला आईच लागते. नऊला दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून एकदा मुरूडहून येतात, बाकीचे दिवस मीच. संध्याकाळी पुन्हा चूल. मध्येच कुणाला कळा आल्या तर खाडीपलीकडे दिघीपर्यंत जायचं. आल्यावर कोणी विचारत नाही, "राही, जेवलीस का?"

एक मात्र पक्कं ठरवलंय. लेकीला, नलूला, कामाला जुंपायचं नाही. यंदा तिची सातवीची फायनल. मी फायनल पास झाले म्हणून नर्स झाले, नाहीतर आज कुणाच्या तरी खळ्यात शेण सारवत असते. तिनं माझ्याही पुढे जायला हवं. गणित तेवढं कच्चं आहे पोरीचं.

ही वही बाळंतपणाच्या पिशवीत ठेवते. त्या पिशवीला ह्या घरात कोणी बोटही लावत नाही!


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांनी सगळ्यांना गोड बोलायला सांगितलं. मी राजपुरीला अडलेल्या बाईपाशी होते.


मंगळवार, २१ जानेवारी

आज एक भलतंच करून बसले!

दिघीच्या आवडाबाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून भल्या पहाटे बोलावणं आलं. दादूच्या होडीतून गेले. खोट्या कळा. पोटात वारा धरलेला. दुपारपर्यंत बसले, पोट शेकलं, परत निघाले. घरी आले तर सासूबाई मागच्या दारात उभ्या — "झाली का मोकळी?"

काय झालं कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं — "झाली. मुलगी."

"मंग शिवू नकोस कशाला. तिकरंच बस."

ह्या घरची रीतच आहे. बाळंतपण करून आले की विटाळ. मागल्या दारानं यायचं, विहिरीवर अंघोळ, पडवीत बसायचं. दुसरा दिवस उजाडेपर्यंत चुलीला, पाण्याला, तांदळाच्या कणगीला हात नाही. नर्स झाल्यापासून सात वर्षं पाळतेय आणि सात वर्षं मनात धुसफुसतेय — मी काय घाण आहे? पण खरं बाळंतपण झालं की मी मेल्यासारखी पडायचे, त्यामुळे त्यातलं सुख कधी कळलंच नव्हतं.

आज कळलं. पडवीत बसले. ताट लांबूनच पुढे सरकवलं. गरम भात, बोंबलाचं कालवण. मी न रांधलेलं! जेवले आणि भर दिवसा दोन तास झोपले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.


गुरुवार, २३ जानेवारी

गंमत झाली. आवडाबाईंची सून आज खरीच बाळंत झाली. मुलगा. मीच केलं. दादू होडीतून परत सोडायला आला आणि त्यानं अंगणातच ओरडून सांगितलं. सासूबाई माझ्याकडे बघतायत — "परवा तर मुलगी झालीवती ना?"

"जुळं," म्हटलं.

"दोन दिसांनी?"

"होतं असं कधी कधी."

तोंडाला हात लावून बसल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत सांगून झालं. शेजारची सगुणा मुद्दाम विचारायला आली, मुलगी दिसायला कशी आहे! बारीक आहे, म्हटलं. लवकर आली ना.

आजची सुट्टी मात्र हक्काची होती.


रविवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा केलं. खारआंबोळीची बाई. अशी बाईच नाही. जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती, पण अंग इतकं दुखत होतं की मनाला म्हटलं, तू गप बस.

ह्यांचं कार्ड आलं — पावसाळ्याआधी पडवीवर नवी कौलं घालून घ्यावीत, पैसे तुझ्या पगारातून. पडवीत बसते कोण? मी! कौलंही माझ्याच पैशाची. बरोबरच आहे म्हणा.


बुधवार, १९ फेब्रुवारी

दवाखान्याच्या रजिस्टरात ह्या महिन्यात तीन. घरी सात. आमच्या गावाची वाढ जोरात चालली आहे.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

लिहिलंच पाहिजे.

शाळेचे रावजी मास्तर मानेवरचं गळू दाखवायला आले. मी पोटीस बांधत होते. म्हणाले, "नर्सबाई, रागावू नका, पण नलूचं घरी काय चाललंय? आठवड्यातून दोन दोन दिवस गैरहजर. फॉर्म मी भरून पाठवलाय, तीन रुपये भरलेत तुम्ही. पण त्रैराशिक, व्याज, सगळं बुडालं तिचं. अशानं पास व्हायची नाही."

मी म्हटलं, शक्य नाही. रोज पाटीदप्तर घेऊन निघते. ते म्हणाले, हजेरीपट बघा. दवाखाना सुटल्यावर गेले आणि बघितला. २१ जानेवारी, दुपारपासून नाही. २३, नाही. १० फेब्रुवारी, १३, १७...

माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या पटात मांडलेल्या होत्या. नऊ तारखेची थाप रविवारची, म्हणून तिथे फुली नव्हती. पण त्या दिवशीची भांडी राहिली, ती तिनं सोमवारी घासली.

घरी आले. नलू चुलीपुढे. बांगडीपाशी भाजल्याचा डाग, जुना. मी जखमा बांधते लोकांच्या, आणि घरातला डाग दिसला नाही! सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माजं डोलं गेलं, धूर सोसत न्हाय. तू बाहेर बसल्यावर पोरीनं न्हाय करायचं तर कोनी?"

नलूला म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणते, "तू किती दमतेस आई. त्या दिवशी तरी झोपतेस ना."

मला काय वाटत होतं? की म्हातारी रांधतेय. खरं सांगायचं तर मी विचारच केला नव्हता. गरम भात समोर आला की तो कुणी केला हे मी सुद्धा विचारलं नाही. ह्यांनी इतक्या वर्षांत विचारलं नाही म्हणून त्यांच्या नावानं बोटं मोडते, पण त्यांच्यापेक्षा मी कुठे वेगळी?

रडले. आवाज न करता, कारण कान्हा उठला असता.


शनिवार, १ मार्च

खोटं बंद. देवाशपथ बंद. नलूला चुलीजवळ फिरकू देणार नाही.


बुधवार, १२ मार्च

देव ऐकतो ते असं! मी खोटं थांबवलं आणि आता खऱ्याच बाया रांगेनं बाळंत होतायत. शिमगा झाल्यापासून पाच. काल आगरदांड्याला, आज दिघीला. नाही कुणाला म्हणू? चार कोसांत दुसरी नर्स नाही.

प्रत्येक वेळी मी पडवीत आणि नलू चुलीपुढे. मी तिथून ओरडून पाढे विचारते. ती पीठ मळत उत्तरं देते. एकोणिसाचा पाढा चुकतोच.


मंगळवार, १८ मार्च

आज भांडले. सात वर्षांचं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, "कार्बोलिकच्या साबणानं हात धुतले, डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं उकळलं. आता आणखी काय सोलून काढू? मला चूल पेटवू द्या. पोरीची परीक्षा आहे."

सासूबाई आधी ओरडल्या. माज्या सासूनं पाळलं, मी पाळलं, तू कोन मोठी शिकलेली लागून गेलीस. मग एकदम खाली बसल्या. म्हणाल्या, "माजी दोन पोरं गेली. आठव्या दिशी. आंग असं ताठ झालं. सुईन दुसऱ्या घरनं तशीच आलीवती, विटाल घेऊन. मला न्हाय पुन्हा ह्या घरात..."

आठव्या दिवशी अंग ताठ. म्हणजे धनुर्वात. कोयत्यानं नाळ कापली असणार, वर शेण लावलं असणार. मला एका क्षणात कळलं. पण सांगू कशी? की तुमची पोरं विटाळानं नाही, तुमच्याच घरच्या कोयत्यानं गेली? चाळीस वर्षांनी? त्यांच्यावर चिडायला आले होते आणि त्यांच्यासाठीच वाईट वाटायला लागलं. त्याचाही राग आला.

चूल काही मिळाली नाही.


सोमवार, २४ मार्च

सासूबाईंनी सगुणाच्या मुलाकडून मुंबईला पत्र घातलं होतं. ह्यांचं उत्तर आलं. "आईशी वाद घालू नये. नोकरी झेपत नसेल तर सोडावी."

आणि त्याखाली — कौलं कधी येणार?


रविवार, ३० मार्च

पुढच्या सोमवारी, सात तारखेला परीक्षा. मुरूडला जायचं. सासूबाई म्हणतात, "तीन रुपये भरलेत ना? मंग जाऊ दे. वाया कशाला घालवायचं?" नातीच्या शिक्षणाला एवढी माया पुरे झाली.

पण जाऊन ती लिहिणार काय? आज दिवसभर मी पडवीत, राजपुरीची बाई. नलूनं भाकऱ्या केल्या, मासळी साफ केली, कान्हाला भरवलं. संध्याकाळी पुस्तक उघडलं आणि त्याच्यावर डोकं ठेवून झोपली. उठवलं नाही. उठवून काय करू?

दुपारी तिला पहिल्यांदाच म्हटलं होतं, "नले, यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी देशील." माझ्याकडे बघितलंन आणि पुन्हा मासळी साफ करायला लागली. माझी आई मला असं म्हणाली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं.


गुरुवार, ३ एप्रिल

नलूला न्हाण आलं.

पहाटे दिघीहून आले तर ती आधीच पडवीत, कोपऱ्यात, माझ्या जागेवर. "आई, मला शिवू नकोस. मला कावळा शिवला." तेरावं सरलं नाही अजून. मांडीवर गणिताचं पुस्तक, मान खाली. सगळं एकदमच यायचं होतं का?

सासूबाईंना आनंद! नारळ काय फोडला, सगुणाला हाक काय मारली. म्हणाल्या, "आता मोठी झाली पोर. परीक्षा झाली की शाळा पुरे. मुंबयला कलवते, रोह्याकडं एक चांगलं घर हाय." मी म्हटलं, हाडकुळी पोर आहे हो, आत्ता कुठे काय. कोण ऐकतंय! मास्तरांनी आशा लावली, मी लावली, आणि एका सकाळीत निकाल लागला. परीक्षेच्या आधीच.

आता खरी मजा. मी विटाळात, ती विटाळात, मग रांधणार कोण? सासूबाई चुलीपर्यंत गेल्या, धूर लागला, डोळे पुसत परत आल्या. इकडे कान्हा भुकेनं भोकांड पसरून बसलेला. दहा मिनिटं ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "जा, डोक्यावरनं दोन तांबे घे आनि ये. चार दिस काय उपाशी मरायचं?"

सात वर्षांचा विटाळ दोन तांब्यांत उतरला! हसावं की रडावं कळेना. चूल पेटवली. धुरातून पडवीत बघितलं तर नलू बोटं मोजत व्याजाची उदाहरणं सोडवत होती. अशा दिवशी पोरी रडतात. मी रडले होते.


शुक्रवार, ४ एप्रिल

सकाळी तिची फडकी धुवायला मागितली. देईना. मी धुते, मी धुते म्हणाली. हिसकावूनच घेतली.

कोरडी. पांढरीशुभ्र.

ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. पाचवा दिवस सोमवार, परीक्षेचा.

फडकी घेऊन विहिरीवर गेले. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना दिसेल अशी बसले आणि ती कोरी फडकी भिजवून, साबण लावून, खूप वेळ घासत राहिले.