दुधी, घोसाळी आणि दत्तोबा

वाघोली, २३ जून २०२४

ती. रतनदादास,
जयाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू काय, काय म्हणत राहतोस, मी ओरडत राहते आणि मग शेजारचे येऊन विचारतात की सुनेशी भांडण झालं का. म्हणून पत्र. वहिनी सांगत होती की कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते कपाटात कोंडून ठेवलंयस. राहू दे. वाघोलीचं पत्र खडकीला पोचेपर्यंत माणूस पायी जाऊन परत येईल हे खरं. पण तुझ्या घरी आलं की चहाबरोबर उपदेश प्यावा लागतो. पत्रातला निदान सवडीनं घेता येतो.

बातमी ही की शाळेतून निवृत्त झालेली तुझी बहीण शेतकरी झाली! आमच्या इमारतीमागे बांधकामाचा राडारोडा पडला होता, ती जागा सोसायटीनं साफ केली, माती आणून टाकली आणि हौशी लोकांना एकेक वाफा दिला. धम्मदीप म्हणाला, आई, गुडघे सांभाळ. आम्रपाली म्हणाली, आई, माझ्यासाठी कोथिंबीर लावा. सून अशी असावी.

माझ्या शेजारचा वाफा दत्तोबांचा. आमच्या इमारती जिथे उभ्या आहेत तिथे पूर्वी त्यांचं रान होतं. आता ते मुलगा रणजित आणि सून तनुजा यांच्याबरोबर चौथ्या मजल्यावर राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आपल्यात एक खरा शेतकरी आहे म्हणून लोकांनी त्यांना पहिल्याच दिवशी पुढे उभं केलं आणि मार्गदर्शन करा म्हणाले. दादा, ते उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले की मी जन्मभर ज्वारी आणि कांदा केला, तोही ट्रॅक्टरवर बसून. भाजीपाला बांधावर आमची मंडळी लावायची, मी फक्त खायचो. एवढं बोलून खाली बसले. मी इतकी हसले की तोल जाऊन ओल्या मातीतच बसले. त्यांनी हात देऊन उठवलं आणि गंभीरपणे सांगितलं की पेरणी अशी बसून करत नाहीत.

तर आता आम्ही दोघे अडाणी तुझ्या भरवशावर आहोत. मी भेंडीचं अख्खं पाकीट एका मुठीत फेकलंय. दत्तोबांनी दुधी आणि घोसाळी लावलीत. पुढे काय करायचं ते सविस्तर कळव.

वहिनीला आठवण. लोभ आहेच, त्याला थोडं खत घालत जावं.

तुझी,
जया


खडकी, २ जुलै २०२४

चि. जयास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. भेंडीचं पाकीट एका मुठीत फेकल्याचं वाचून आनंद झाला. वर्गात साठ पोरं कोंबून शिकवायची सवय अशी सहजासहजी सुटत नाही. आता उगवलेल्यांपैकी जोमदार रोपं ठेव आणि बाकीची उपट. दोन रोपांत वीतभर अंतर हवं. उपटताना डोळ्यांत पाणी आणायचं नाही. ती भेंडी आहे, विद्यार्थी नव्हे. पुढच्या खेपेला बी रात्रभर भिजत घालावं.

दुधी आणि घोसाळ्याला मांडव लागेल. बांबू आणि सुतळी पुरे. वेल मांडवावर चढला की शेंडा खुडायचा, म्हणजे फुटवे येतात. चवळी लावलीस आणि तिच्यावर माव्याची कीड पडली तर राख भुरभुरव.

आता नीट वाच. दुधीला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दुधी आधीच असतो. परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. तुमच्या त्या इमारतींच्या जंगलात मधमाशी येईल असा भरवसा ठेवू नकोस, तिला पार्किंगचा पास मिळायचा नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हा नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचं. लाल भोपळा असेल तर हेच काम भल्या सकाळी.

तुझी वहिनी दीपमाला म्हणते की पत्रात भेंडीपेक्षा दत्तोबाच जास्त आहेत. मी म्हटलं, शेजारचा वाफा म्हटल्यावर येणारच. ती नुसती हसली. तिचं हसणं मला गेली चाळीस वर्षं कळलेलं नाही.

गुडघ्याला जप. माया आहेच, ती दर पत्रात लिहायला लावू नये.

तुझा,
दादा


वाघोली, १ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

दादा, हे पत्र वहिनीला वाचून दाखवू नकोस. नाही, आधी तिलाच दाखव. छे, काय करायचं ते कर, मला काही सुचत नाहीये.

सरळ सांगते. भेंडी उत्तम आली. मांडव आम्ही दोघांनी मिळून दोन्ही वाफ्यांवर एकच घातला, सुतळी वाचते म्हणून. (सुतळी फार महाग झाली आहे असं नाही.) घोसाळी इतकी आली की लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी एक देते. लोक आता जिन्यानं जातात. रोज संध्याकाळी मी आणि दत्तोबा पाणी घालतो आणि तनुजा वरून दोन कप चहा पाठवते. ते बोलतात कमी, पण मी बोलत असले की पाण्याची झारी खाली ठेवून ऐकतात. धम्मदीपचे बाबा गेल्यापासून माझं बोलणं असं कुणी काम थांबवून ऐकलेलं नाही.

दुधी मात्र अंगठ्याएवढे होऊन गळत होते. गेल्या आठवड्यात मी तुझं पत्र घेऊन खाली गेले आणि मोठ्यानं वाचलं. दत्तोबा कानापर्यंत लाल! म्हणाले, हे काम माणसानं करायचं असतं हे आमच्या मंडळींनी कधी सांगितलं नाही. मग संध्याकाळी फुलं उमलल्यावर ते नर फूल धरून उभे आणि मी मादी फुलाची फांदी वाकवून उभी. वर गॅलरीतून तनुजानं विचारलं, मामंजी, काय चाललंय. ते वर न बघता म्हणाले की लग्न लावतोय.

आणि दादा, माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, दुधीचं उरकलं की आपलंही लावून टाकू या का.

हसत म्हटलं, पण थट्टेनं नव्हतं. ते मलाही म्हणून झाल्यावरच कळलं. त्यांच्या हातातलं फूल खाली पडलं. माझ्याकडे बघितलं, येतो म्हणाले, आणि गेले. त्यानंतर बागेत आलेच नाहीत. तनुजा सांगते की मामंजी परगावी गेले, कधी येणार माहीत नाही. मी रोज दोन्ही वाफ्यांना पाणी घालते आणि स्वतःला शिव्या घालते. एकसष्ट वर्षांची बाई! शाळेत मुलींना सांगत आले की बोलण्यापूर्वी विचार करा.

आणि खरं सांगू? लाज वाटते, पण बोलल्याचा पस्तावा होत नाही. चिखलातून चालताना आपोआप गाणं येतं तोंडात. वेड लागलंय का रे मला?

रागावला असशील तर तसं लिही, पण लिही. लोभ आहे तसाच राहावा, ही या वेळी अगदी खरीखुरी विनंती.

तुझी,
जया

ता. क. – दुधी धरला आहे.


खडकी, ७ सप्टेंबर २०२४

चि. जयास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दीपमालानं माझ्याआधी फोडलं. वाचून ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली की या घराण्यात निदान एकीला तरी वेळेवर तोंड उघडता आलं. हा टोमणा मला होता. आमच्या वेळी तिच्या वडिलांनीच मला विचारलं होतं.

मी रागावलेलो नाही. काळजी वाटते, ती मात्र लिहितो. आई ज्या गावची, तिथल्या विहिरीला आपल्या माणसांनी हात लावायचा नव्हता. पाणी वरून ओंजळीत घालायचे. ते गाव वाघोली नव्हे आणि दत्तोबा म्हणजे तो काळ नव्हे, हे मला समजतं. पण त्यांचं घराणं मूळ गाववाल्यांचं. भावकी असेल, मुलगा असेल. तुझ्याबरोबर मातीत हात घालणं वेगळं आणि तुला घरात नेणं वेगळं. जो माणूस उत्तर न देता परगावी जातो, तो कशाला गेला हे कळेपर्यंत तू त्याच्या दारी जायचं नाहीस. एवढं एकच मोठा भाऊ म्हणून सांगतो. बाकी तू मोठी आहेस.

पाणी घाल, पण बेतानं. दोन्ही वाफ्यांवर वाळला पाला पसर, ओल टिकते. गाणं म्हणत असशील तर हळू म्हण, तुझा आवाज माझ्या या कानांनासुद्धा माहीत आहे.

नकार आला तर थेट इकडे निघून ये. होकार आला तर आधी कळव. माया दुप्पट समजावी.

तुझा,
दादा


वाघोली, १५ सप्टेंबर २०२४

श्री. रतनराव यांस,
दत्तोबाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी नमस्कार लिहिला होता, मग खोडला. तुमच्या घरी जे म्हणतात ते आपणही म्हणावं असं वाटलं. जयाताईंनी सांगितलं म्हणून नाही, माझं मीच. आपली ओळख नाही, पण तुमची पत्रं ऐकून दुधी लावला, तेव्हा तुम्ही मला परके नाही. शुद्धलेखन त्या तपासतील, पण हे पत्र त्यांना दाखवायचं नाही, म्हणून जसं हाय तसं गोड करून घ्या.

त्यांनी विचारलं आणि मी पळालो, असं तुम्हाला वाटलं असंल. पळालो न्हाई. उत्तर तर त्याच मिनटाला तयार व्हतं. पण मनात आलं की हो म्हणायचं आणि मग भावकीपासून लपवत फिरायचं, हा त्या बाईचा अपमान हाय. म्हणून आधी थोरल्या भावाकडं गेलो, मग लेकीकडं, मग बहिणीकडं. सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की मी लगीन करतोय, कुणाशी करतोय, त्या कोणत्या समाजाच्या, सगळं. भाऊ म्हणाला, या वयात? मी म्हणालो, पुढच्या वयात जमंल असं वाटत न्हाई. बहीण उठून आत गेली. लेक म्हणाली, आबा, तुम्ही आईनंतर पहिल्यांदा पोटभर जेवला. रणजित लई भडकला. लोक काय म्हणतील म्हणाला. मी म्हणालो, लोक जेव्हा म्हणतील तेव्हा तू माझ्या बाजूला उभा असशील की लोकांच्या, तेवढं ठरव. तो बोलत न्हाई. तनुजा म्हणाली, मामंजी, या घरात अखेर कुणी बोलणारं येतंय.

मग बागेत गेलो. जयाताई भेंडी तोडत व्हत्या. मी म्हणालो, हो. त्यांनी विचारलं, कशाला हो? मला पुन्हा सगळं बोलावं लागलं. शिक्षिका हायत.

परवानगी मागत न्हाई, त्यांनी बजावलंय की त्यांना कुणाची लागत न्हाई. मी माझ्यासाठी मागतो. तुमच्या घरी एकदा जेवायला येऊ का? माझ्या बापानं तुमच्या समाजाच्या घरी कधी पाणी घेतलं न्हाई. मला तुमच्या पंगतीत बसायचं हाय. ओळख वाढावी, एवढीच आशा.

आपला,
दत्तोबा


खडकी, २० सप्टेंबर २०२४

श्री. दत्तोबा यांस,
स. जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. २९ तारखेला, रविवारी बाराला या. वेळेवर या, नंतर मी झोपतो. बोलताना उजव्या बाजूला बसा, तो कान बरा आहे. दीपमाला मटण करणार आहे. येताना दुधी आणू नये. दुधी कसा वाढवावा हे मला ठाऊक आहे, पण आयुष्यात मी तो कधी आवडीनं खाल्लेला नाही.

तुमचं पत्र बहिणीला दाखवत नाही. माझ्या उशीखाली ठेवलं आहे.

आपला,
रतन


वाघोली, १९ जानेवारी २०२५

ती. दादा व वहिनीस,
जया आणि दत्तोबांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

लग्नाला महिना झाला आणि तुझं पत्र नाही. नोंदणी कार्यालयात सही करताना रडलास म्हणून लाजतोस काय? सगळ्यांनी पाहिलं. विहारात वंदना चालली असताना तू दत्तोबांच्या कानात टोमॅटोला काठी कधी बांधायची ते सांगत होतास, तेही सगळ्यांनी ऐकलं. तुझी कुजबुज म्हणजे लाउडस्पीकर.

आम्ही माझ्या इमारतीतच दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या छोट्या घरात राहतो. धम्मदीप रोज येऊन गॅस बंद आहे का बघतो, आम्रपाली रोज येऊन त्याला घेऊन जाते. बागेत थंडीचं वैभव आहे. मेथी दाट पेरली, ती दाटच पेरायची असते हे कळल्यावर मला किती बरं वाटलं! मुळ्याला माती भुसभुशीत हवी होती, आमचे मुळे दगड चुकवत वाढले आणि पैलवानांसारखे दिसतात. वालाला फुलं आली आहेत. पालक कापला की फुटतो, कापला की फुटतो. ह्यांना (दादा, मी ह्यांना लिहिलं, वहिनीला सांग) पालकाचा कंटाळा आलाय, पण बोलायची हिंमत नाही.

आता मुख्य गोष्ट. रणजित लग्नाला आला नव्हता हे तुला माहीतच आहे. वाटेत भेटला तर मोबाइलमध्ये बघायचा. ह्यांना फार लागायचं. मी म्हटलं, याला खतपाणी घालून उपयोग नाही, ऋतू आला की होईल.

आज सकाळी बेल वाजली. दारात रणजित. हे दूध आणायला गेले होते, मी एकटी. तो माझ्याकडे न बघता चौकटीला म्हणाला की गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडलीत, तनुजा म्हणाली तुम्हाला विचार. मी सांगितलं की आंबट ताक पातळ करून मुळाशी घाल. बरं म्हणाला आणि वळला. लिफ्टपर्यंत गेला, बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. हा तिथेच. मग परत आला आणि विचारलं की तुम्हाला हाक काय मारायची. मी म्हटलं, तुला सुचेल ती. तो चपलांकडे बघत म्हणाला की ते ठरवायला जरा वेळ लागेल, तोवर ताक किती घालायचं तेवढं सांगा.

दादा, मला आनंदानं ते सांगताच येईना. मी फ्रिजमधली ताकाची अख्खी बरणी त्याच्या हातात दिली आणि दार लावून हसत सुटले. हे आले तेव्हा मी जमिनीवर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. सगळं ऐकून तेही माझ्याशेजारी बसले. दूध ओट्यावर ठेवायचं राहूनच गेलं.

आता भीती एवढीच की पोरगा बरणी एकदम ओतेल. एवढं ताक एका झाडाला चालतं का रे? उलट टपाली कळव. नाहीतर यंत्र कानात घाल, मी फोनच करते.

तुम्हा दोघांची,
जया